दुपारचा गोड आवाज

ऐका, प्रचाराच्या दिवसांतली गंमत. दुपारी कूलरसमोर, वाळ्याच्या ओल्या वासात माझे डोळे मिटत होते. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, जेवलीस का?"

आपल्या ग्वाल्हेरात इतकं गोड मराठी! वाटलं, पुण्याहून माझा श्रीधर. अर्धवट झोपेतच बोलत सुटले, मोगरा बहरलाय रे, स्वप्नात तुझे बाबा येतात...

"तर आई, तुझं मत मलाच हं!"

मेलं, उमेदवाराचं रेकॉर्डिंग! नया बाजारातल्या सगळ्या मराठी बायकांना तोच फोन, आणि सगळ्या विरघळलेल्या.

मी श्रीधरला व्हॉट्सॲपवर लिहिलं, "नेता जेवणाचं विचारतो. तू पोटचा पोर, नुसता अंगठा पाठवतोस."

लगेच फोन वाजला. "आई, जेवलीस का?"

मी म्हटलं, "आधी पक्ष सांग!"