बगळ्याला बोटीवरून उतरवा

सन्माननीय अध्यक्षा चैत्रालीताई, मंचावरचे पाहुणे, मंडळाची कार्यकारिणी, मागच्या रांगेत फोन बघत बसलेली मंडळी, आणि आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे माझे शेजारी अर्माँ क्लेसेन, सगळ्यांना श्यामलाआजीचा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या प्रणवने मला चार ओळी लिहून दिल्यात आणि बजावलंय, आजी, थोडक्यात आणि गोड बोला. तो कागद पर्समध्येच राहू दे. माझी शाळा चौथीत सुटली. लिहिलेलं वाचायला मला वेळ लागतो आणि गोड बोलायला त्याहून जास्त लागतो.

मला आज फार आनंद झालाय. हा माणूस मेडनहेड सोडून चाललाय. माझी नात अन्वी त्याच्या शेजारी बसून सगळं फ्रेंचमध्ये सांगतेय. अन्वी, साखर घालू नकोस.

सत्कार म्हटला की आधी चरित्र सांगतात. हा बेल्जियममधल्या नामूरचा. बाप नदीवर मालाची बोट चालवायचा, घर म्हणजे तीच बोट. शाळेत जरा रुळला की बोट पुढच्या गावाला. म्हणजे शिक्षण माझ्यासारखंच, पण मला कोणी कधी हार घातला नाही. मोठा झाल्यावर मुलांच्या एका साप्ताहिकात लागला. काम काय, तर दुसऱ्यांनी शाई भरलेल्या चित्रांवरच्या पेन्सिलीच्या रेघा खोडायच्या. एकदा एक चित्रकार आजारी पडला आणि पान रिकामं राहिलं. याने त्यावर बोट चालवणारा बेडूक काढला. ब्रेलू त्याचं नाव. तिकडच्या दोन पिढ्या त्या बेडकावर वाढल्या म्हणतात. वाढू देत बापड्या. बायको इंग्रज, म्हणून हा इकडे इंग्लंडला आला. ती गेली, हा राहिला. नेमका माझ्या फेन्सला लागून.

पहिल्याच आठवड्यात मला म्हणाला, मादाम, मिरचीची फोडणी देताना खिडकी लावाल का? मी म्हटलं, तू तुझी लाव. झालं, तिथून सुरुवात. मग अन्वीच्या शाळेत फ्रेंच सुरू झालं, तेव्हा तिने याच्या बेडकाच्या चित्रकथेचं पुस्तक घरी आणलं. म्हणाली, आजी, ही तूच आहेस ना?

चित्रात नदीकाठावर एक कोंबडी. कपाळाला कुंकू, साडीवर कार्डिगन, हातात डाव. बोट दिसली की बेडकावर ओरडत सुटते. तिकडची मुलं तिच्या नावाने बोटं मोडतात म्हणे. आणि तिच्या बाजूला मफलर गुंडाळून एका पायावर उभा असलेला बगळा. कधी एक शब्द बोलत नाही. ते आमचे हे.

मी चिडले. हे मात्र इतके हसले की खुर्ची धरून बसावं लागलं. मग रोज दुपारी याच्याच बागेत जाऊन बसायला लागले. हा चित्रं काढायचा, हे बघायचे. बोलत काय असतील? एकाचं इंग्रजी हीथ्रो विमानतळावर नोकरीत शिकलेलं, दुसऱ्याचं बायकोकडून. दोघांनाही धड ऐकू येत नव्हतं.

मग हे गेले.

त्यानंतरचं पुस्तक अन्वीने आणलं, मी पानं उलटली. पहिल्याच पानावर बगळा बोटीत चढतो, पंख हलवतो आणि जातो. पुढे सगळीकडे कोंबडी एकटी. मी तशीच फेन्सपाशी गेले.

“माझा बगळा कुठाय?”

म्हणाला, मादाम, मुलांच्या पुस्तकात कोणी मरत नाही. म्हणून मी त्यांना समुद्र बघायला पाठवलंय.

“मग परत आण.”

“जमत नाही,” म्हणाला. “समोरची खुर्ची रिकामी असते.”

“तुला जमत नाही म्हणून मी काठावर एकटी उभी राहू? घरात एकटी, आता पुस्तकातही एकटी?”

तिथून मी त्याच्याशी बोलणं सोडलं. त्याच्याकडे जाणारं दिवाळीच्या फराळाचं ताट बंद केलं. चैत्रालीताई समेट करायला आल्या होत्या, म्हणाल्या, काकू, क्लेसेनांचा हेतू चांगला होता. मी त्यांना म्हटलं, तुमचे यजमान घरी चहा पीत बसलेत, तुम्ही हॉलचं पार्किंग सांभाळा. त्याबद्दल आजही मला वाईट वाटत नाही.

यंदा कळलं की याचा हात थरथरतो, हे शेवटचं पुस्तक, मग हा बहिणीकडे नामूरला जाणार. मी अन्वीकडून निरोप धाडला. बगळा बोटीवरच ठेवून पुस्तक मिटलंस, तर निरोप घ्यायला माझ्या दारात येऊ नकोस.

आला. मोठा कागद घेऊन आला. शेवटचं पान. बोट काठाला लागलीय आणि बगळा उतरतोय. मफलरची गाठ उलट्या बाजूला होती. मी म्हटलं, ह्यांची डावीकडे असायची. माझ्याच किचन टेबलावर त्याने ती खोडली आणि पुन्हा काढली. रेघ थरथरली, त्यामुळे बगळाही थोडा थरथरतोय. इतक्या दिवसांनी समुद्रावरून आलेला माणूस गारठलेला असणारच.

समोर कोंबडी, चोच उघडी. बोलण्याचा फुगा रिकामा. हा म्हणाला, इतकी वर्षं तुम्हाला न विचारता तुमच्या तोंडी शब्द घातले, हे तुमचे तुम्ही लिहा. मी मराठीत लिहिलं. अक्षर वाकडं आलं, तसंच छापलंय. बेल्जियमच्या मुलांना वाचता येणार नाही. न येऊ दे. त्यांचं तरी मला कुठे वाचता येत होतं?

तुम्हाला येतं, म्हणून सांगते. “अहो, किती उशीर. चला घरी.”

मंडळाने मला बोलू दिलं, प्रणवने मध्येच माइक काढून घेतला नाही, दोघांचे आभार. बोलण्यात माझं काही अधिकउणं झालं असेल तर सभेने पोटात घालावं. मला कोंबडी केलं ते मात्र मी याला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

क्लेसेन, तू खुशाल जा. बगळा घरी आलाय. आता तुझं इथे काही काम नाही.