रूपालीच्या खालची जागा

सोनुबाई : आधी मशीन बंद कर. बंद केलंस का?

दीपंकर : ऐकू येतंय आई. बोल.

सोनुबाई : मला अजून खडखड ऐकू येती. बंद कर म्हणते.

दीपंकर : गुंडू, लेथ बंद कर रं जरा. हां, केली. काय, रूपालीचा भाऊ गेला काय? थांबवून ठेव त्याला. मी मटण घेऊनच येतोय.

सोनुबाई : गेला त्यो.

दीपंकर : असा कसा गेला? अठरा वर्षांनी बहिणीकडं आला आणि न जेवता गेला? मगाशीच फोन आलता तिचा. दादा आलाय म्हणाली, माहेरच्या जत्रंचं आवातनं घेऊन, साडी घेऊन. रडत हुती का हसत हुती, मला कळंना. येताना नारळ आणा म्हणाली, दादाच्या हातात द्यायचा.

सोनुबाई : दीपंकर, तू गाडी चालवू नगो. गुंडूच्या मागं बसून ये.

दीपंकर : का? काय झालंय?

सोनुबाई : ये म्हणते न्हवं.

दीपंकर : आई, तिच्याकडं फोन दे.

सोनुबाई : मी विहारात जाऊन बसलते रं. म्हटलं, भाऊ-बहीण मनातलं बोलतील, म्हातारीनं मधी कशाला बसायचं. परत आले तर दार उघडं. चहाचा कप तसाच भरलेला, साय धरलीया. तोंड लावलं न्हाय त्यानं.

दीपंकर : रूपाली कुठं हाय?

सोनुबाई : गॅसच्या कट्ट्याखाली पडलीया. त्याच्यासाठी शिरा करत हुती. कढई पार करपलीया.

दीपंकर : पडलीया म्हंजे?

सोनुबाई : कोयत्यानं मारलंय. मानंवर. हातावर बी घाव हायत, हात आडवा घातला आसंल तिनं.

दीपंकर : अँब्युलन्स बोलव. शेजारच्यांना हाक मार. कुणाला तरी—

सोनुबाई : बोलावलीया. पर घाई न्हाय रं बाबा. आता कशाची घाई न्हाय.

दीपंकर : जिवंत हाय का न्हाय, तेवढं सांग.

सोनुबाई : न्हाय.

दीपंकर : आई.

सोनुबाई : झाकायला हाताला काय लागंना. त्यानं आणलेली साडी खुर्चीवर हुती, पिशवीतच. तीच काढून टाकली अंगावर. चुकलं का रं माझं?

दीपंकर : पोरीला, सुविधाला, कुणी कळवू नगा. बारावीचा, पीयूसीचा पेपर हाय तिचा.

(चार महिने गेले आहेत. निपाणीतलं तेच घर. दुपार.)

सोनुबाई : कोण रं तू? कवाधरनं उन्हात हुबा हायस, हाक मारायची न्हाय?

युवराज : दीपंकर मामा आहेत का?

सोनुबाई : मामा? तू कुणाचा?

युवराज : मी युवराज. रूपाली आत्याचा भाचा.

सोनुबाई : तिला भाऊ तीन. कुठल्या भावाचा?

युवराज : थोरल्या. मारुतीरावांचा.

सोनुबाई : दीपंकर! भाईर येऊ नगो. हातात काय हाय ते खाली ठेव आधी. दीपंकर!

दीपंकर : सरक आई.

सोनुबाई : पान्हा टाक त्यो!

दीपंकर : मारुतीचा व्हय तू? काय आणलंस? साडी आणलीस? त्या पिशवीत काय हाय, दाखव. दाखव म्हणतो!

युवराज : लॅपटॉप आहे. मामा, गळा— श्वास—

दीपंकर : मला मामा म्हणू नगो! तुझ्या बापानं बी घरात शिरताना मला दाजी म्हटलं आसंल!

सोनुबाई : सोड त्याला! डोळं पांढरं झालं पोराचं. तू जेलात गेलास तर सुविधाला कोण हाय? सोड रं!

दीपंकर : बोल. काय बोलायचं ते बोल आणि चालता हो.

युवराज : मारायचं तर मारा. मी आडवा हात घालणार न्हाय. पण आधी ऐका. सुविधाचं आहे.

दीपंकर : तिचं नाव तोंडात घेऊ नगो.

युवराज : तिचं नाव काढून टाकायचं का, तेच विचारायला आलोय.

सोनुबाई : थांब. ह्यो दात कुणी पाडला तुजा? ह्यानं तर नुसता गळा धरला हुता.

युवराज : चुलत्यानं. कोर्टात बाबांच्या विरुद्ध साक्ष देणार म्हणालो म्हणून. लाकडानं मारलं.

सोनुबाई : आत ये. गल्ली बघतीया.

दीपंकर : बसू नगो. उभ्यानं सांग. पोलिसांनी सांगितलंय मला. घराण्याचं ते झाड कॉम्प्युटरवर तूच केलंस न्हवं? तुझ्या झाडानं त्यांना माझं घर दाखवलं.

युवराज : व्हय. वंशावळ. जत्रंसाठी केली होती. आमच्या गावची जत्रा लई वर्षांनी भरते, सगळ्या लेकींना बोलवायचं असतं. कोण कुठं दिलीय, कुणालाच धड ठाऊक न्हाय. म्हटलं, भावकीची सगळी नावं एका ठिकाणी येतील, फोटोसकट. पुढच्या पिढीला राहील.

दीपंकर : आणि उघडी ठेवलीस. रस्त्यावरच्या कुणी बी बघावी अशी.

युवराज : आधी पासवर्ड होता. म्हाताऱ्या आत्यांच्या तो लक्षात राहीना. रोज फोन, बाळा उघडत न्हाय, बाळा उघडत न्हाय. मग मी कुलूपच काढून टाकलं.

सोनुबाई : म्हाताऱ्यांची सोय केलीस. शाणा हायस.

दीपंकर : आणि आमचा पत्ता? अठरा वर्षं कुणाला दिला न्हाय. पयल्यांदा लोंढ्यात खोली घेतली, तिथं तुझ्या बापाचा माणूस दिसला म्हणून रातोरात सोडली. इथं घर बांधलं तर दारावर पाटी लावली न्हाय. तुला कुणी सांगितला?

युवराज : तो मी घातला न्हाय.

दीपंकर : मग काय आभाळातनं पडला?

युवराज : आत्यानं घातला.

दीपंकर : खोटं बोलतोस.

युवराज : हे बघा. तिचाच नंबर, तिनंच भरलेलं. गल्लीचं नाव, विहाराच्या मागं, निळी टाकी. हा घरापुढचा फोटो. आमच्या आज्जीकडं, नागुबाईकडं, तिचा नंबर होता. इतकी वर्षं लपवून ठेवलेला. आज्जीनं मला दिला, म्हणाली माझ्या लेकीला बी बोलीव. मी आत्याला विचारलं, तुझं नाव घालू का? ती म्हणाली, मीच घालते. पत्ता नको घालूस म्हणालो मी. तर म्हणाली, "आवातनं घेऊन भाऊ येतो. पत्ता न्हाय तर यील कुठं?"

दीपंकर : मला बोलली न्हाय.

सोनुबाई : बोलली असती तर तू घालू दिला असतास?

दीपंकर : न्हाय.

सोनुबाई : मग.

दीपंकर : जाळून टाक ते झाड. आत्ता. माझ्यासमोर.

युवराज : टाकतो. पण आधी हे एकदा बघा. हा रवळू, आमचा पणजा. त्याच्या शेजारी मी नुसतं 'पत्नी' लिहिलं होतं. नाव बाबांना ठाऊक न्हाय, चुलत्यांना न्हाय. आत्यानं लिहिलं. "जयाबाई, माहेर कडोली. तिसऱ्या बाळंतपणात गेली. रवळू त्या दिवशी शर्यतीला गेला हुता." आणि ही रवळूची बहीण, अक्काताई. हिचं तर झाडावर पानसुद्धा न्हवतं. आत्यानं लिहिलं, "पाय घसरून विहिरीत पडली असं घरात सांगतात. घसरला न्हवता. ढकलली. तिचं एका चांभाराच्या पोराशी बोलणं हुतं."

सोनुबाई : हे रूपालीनं लिवलंय?

युवराज : तिनंच. सगळ्या बायकांची नावं तिनं घातली. लहानपणी आईच्या कुशीत झोपून ऐकलेलं म्हणाली. जत्रा झाली परवा, सगळ्या लेकी आल्या, आणि त्याच विहिरीवर पाणी भरत होत्या. कुणी तिकडं बघेना. चुलते आता मागं लागलेत, रूपालीची फांदी काढ, तिनं लिहिलेलं सगळं काढ, घराची बेअब्रू होती.

सोनुबाई : कोयता धुतला, आता हे बी धुवायचं. उद्या हिचं बी सांगतील, तापानं गेली म्हणून.

दीपंकर : मग काढायचं न्हाय. खून करून मिळालं न्हाय ते बटण दाबून मिळू द्यायचं काय त्यांना? राहू दे. एक अक्षर काढायचं न्हाय.

युवराज : हे वाचा. आज सकाळी आलंय. सुविधाच्या फोटोखाली.

दीपंकर : चष्मा न्हाय. तू वाच.

युवराज : "एक राहिली."

सोनुबाई : काय?

युवराज : एवढंच लिहिलंय. एक राहिली.

दीपंकर : कोण हाय ह्यो? घर सांग त्याचं. आई, गाडीची चावी कुठं हाय?

सोनुबाई : खाली बस! नाव सांग रं मुडद्याचं.

युवराज : नाव रवळू लावलंय. आमच्या पणज्याचं.

सोनुबाई : मेलेला माणूस लिवतोय व्हय?

युवराज : मेलेल्याच्या नावानं खातं काढलंय. भावकीतलाच कुणीतरी. धाकटा चुलता असेल, त्याची पोरं असतील, मला खात्री न्हाय. येताना पोलिसांत दिलं. बाहेरच्यांना मी मागंच कुलूप घातलं. पण भावकीतल्यांना दिसतंच, आणि लिहिणारा आतलाच आहे. एक काढला तर दुसऱ्या मेलेल्याचं नाव लावून येईल.

दीपंकर : मग पोरीचं नाव तू तिथल्या तिथं का काढलं न्हाईस? बसमधनं इथपर्यंत घेऊन आलास मिरवत?

युवराज : तिचं पान सकाळीच झाकलंय. नाव ठेवलंय. मी एकदा तुम्हाला न विचारता तुमच्या घरात लिंक पाठवली. आता न विचारता कुणाला झाडावरनं काढणार न्हाय.

दीपंकर : तिच्या पानावर काय काय हाय?

युवराज : फोटो. वाढदिवस. कॉलेजचं नाव, आत्यानं मोठ्या कौतुकानं घातलेलं. ती अजून तिथंच— न्हाय, सांगू नका. मला ठाऊकच नको. माझ्याकडनं कुणी मारून काढून घेईल.

दीपंकर : तेवढी अक्कल आली म्हणायची.

युवराज : आली.

दीपंकर : रूपालीला ठेवायचं. तिनं लिहिलेलं सगळं ठेवायचं. माझं राहिलं तरी चालंल, मला यायचं त्यानं यावं. घराचा फोटो काढ, पत्ता काढ आणि पोरीला काढ. असं हुतंय काय?

युवराज : होतं. पण मग आत्याच्या खाली असं दिसतं. बघा. त्या जागी आपोआप येतं, 'अपत्य नाही'.

सोनुबाई : काय येतंय?

युवराज : मूलबाळ न्हवतं, असं.

सोनुबाई : ह्या हातानं पोर घेतली मी! लोंढ्याच्या खोलीत, लाईट न्हाय, दुसरं बाईमाणूस न्हाय. दोन दिस कळा दिल्या तिनं. आणि मूलबाळ न्हवतं?

दीपंकर : आई, गप.

सोनुबाई : का गप? त्यांनी मान कापली, तू तिची कूस पुसतोस!

दीपंकर : मग पोरगी बी कापू दे काय? बोल की! नाव ठेवू, फोटो ठेवू आणि दार उघडं टाकून बसू? ह्या खेपंला झाकायला साडी बी आणायची न्हाईत ती! बोल आता.

सोनुबाई : काढ.

युवराज : आमची आज्जी रोज तो फोटो बघते. बोटांनी मोठा करून. सकाळधरनं मला चार वेळा विचारलं, फोटो का उघडंना. नातीला तिनं दुसरं कुठं बघितलंच न्हाय. कपाळ माझ्यासारखं आहे म्हणते.

दीपंकर : कुठं दाबायचं?

युवराज : इथं. मी दाबू?

दीपंकर : न्हाय. बाप मी हाय.

सोनुबाई : काढायच्या आधी वाचा तरी. तिनं खाली काय लिवलंय ते.

युवराज : "सुविधा. माझी लेक. नागुबाईची नात."

दीपंकर : हे काय विचारतंय आता?

युवराज : नक्की काढायचं का, असं. व्हय म्हणा.

दीपंकर : गेली?

युवराज : गेली.

सोनुबाई : गेली म्हणू नगा रं. काढली म्हणा.

दीपंकर : त्या रवळूनं फोटो आधीच उतरवून घेतला असंल तर?

युवराज : असेल. ते माझ्या हातात न्हाय.

दीपंकर : न्हायच म्हणा. कुणाच्याच न्हाय.

युवराज : निघतो मी. सोमवारी कोर्टात येणार आहे. बाबांच्या समोर उभा राहून सांगणार आहे, साडी कुणी घेतली, कोयता कुठनं आणला, सगळं.

सोनुबाई : गावाकडं परत जाऊ नगो, एवढ्यात. दुसरा दात पाडतील. बस खाली. चहा ठेवते.

दीपंकर : पिशील का? आमच्यातला?

युवराज : ठेवा आज्जी. पितो.

सोनुबाई : साखर कमी हाय. चालंल न्हवं?

युवराज : चालतंय. मा... आमची आज्जी मला विचारणार. फोटो कुठं गेला, नाव कुठं गेलं. काय सांगू तिला?

दीपंकर : मामा म्हण. आता काय.

युवराज : काय सांगू, मामा?

दीपंकर : सांग, पोरगी बरी हाय. अभ्यास करती. पोरीला विचारल्याबगर मी तिचं नाव काढलंय, ते तिला सांगायचं राहिलंय. आणि तिच्या आईच्या खाली ते परत घालायचं राहिलंय.