मोटारीतली खडखड

हॅलो? … हॅलो… हो, हो, नगरच. मिरजगावचा ट्रंक कॉल ना? द्या, जोडून द्या…

हॅलो, विजू? अगं, मी इंदूताई. जरा मोठ्याने बोल… हां, आता येतंय ऐकू. पोस्टातून बोलतेयस ना? वर्गातल्या मुलींना सोडून आलीस शाळेतून? … बरं केलंस. आई कशी आहे ते आधी सांग.

… अजून सूज आहे? … आणि पाय? … हातसुद्धा लावू देत नाही? … अगं, वैद्यांनी बांबूच्या कांबट्या बांधल्या त्या ठीक, पण आडावर पडली ती खुब्यावर पडली. इथल्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय, आणायला उशीर कराल तर तुमची आई पुन्हा उभी राहायची नाही…

हो गं. हो. मोटार पाठवते म्हणाले होते, विसरले नाही मी. ऐक ना… अगं ऐक तर. मोटार अजून वाजतेय.

खडखडतेय, दुसरं काय. … नाही ना सापडत. … मग तुला काय वाटलं, आम्ही इथे हातावर हात धरून बसलोय? त्या गोऱ्या मेजरने विलायतेला परत जाताना ह्यांना विकली, तेव्हा मोटार आली कधी नि गेली कधी कळायचं नाही. आता फाटकाबाहेर पडली की मागून खडखड, खडखड. बोलणं ऐकू येत नाही.

दाखवली ना गनीभाईंना. … अगं, झेंडीगेटचे मिस्त्री. त्यांनी सायलेन्सर काढून परत बसवला, खालच्या स्प्रिंगच्या पाट्यांना तेल दिलं, मडगार्डं आवळली. म्हणाले, बाईसाहेब, आता आवाज न्हाई यायचा. हे घरी घेऊन आले तर वाजतच आली. … मी? मी काय करणार? मागचा जॅक, पाने, सगळं जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलं. मागच्या सीटला कान लावून बसले आणि ह्यांनी किल्ल्याभोवती चक्कर मारली. … हसू नकोस. शिंगणापूरला शनीला तेलसुद्धा पाठवलं मी. कुणाला सांगू नकोस. मोटारीच्या खडखडीसाठी तेल घालणारी अख्ख्या नगरात मी एकटीच असेन.

… थोडी वाजली तर वाजू दे, हे म्हणायला सोपं आहे. हे म्हणतात, वाटेत चाक निखळलं तर तुझ्या आईला घेऊन माळावर बसायचं का? … पटलं बाई मला ते. तुलाही पटलं असतं.

… काय म्हणतेस? आई सर्व्हिसच्या मोटारीतून यायला तयार नाही? … ते बरोबरच आहे गं, ती कोळशाच्या गॅसवरची मोटार, चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. त्यात हाड मोडलेलं माणूस कसं… बैलगाडीलाही नाही म्हणते? का? … हं. "माझ्या जावयाची मोटार येणार आहे." … शेजारच्या मुक्ताकाकूंना पण सांगितलं? … सगळ्या आळीला? … रोज सकाळी धुतलेलं लुगडं मागते? तशी पडल्या पडल्या?

… बोल तू.

… हे ना? घरातच आहेत. कोर्टाला सुट्टी आहे. सकाळपासून चाकापाशी बसलेत, म्हणून तर जरा आशा आहे. आज गनीभाईंकडे नेऊन मागचा सगळा भाग उघडणार आहेत… हां, निघालेच. खिडकीतून दिसतंय मला. थांब जरा, विजू.

…

हॅलो… हो, आहे. काही झालं नाही. मोटार फाटकातून गेली.

… वाजली नाही. … हो, खिडकी उघडी आहे. फाटकापुढच्या खड्ड्यातून गेली, तरी नाही वाजली.

… थांब, इतक्यात हुरळू नकोस. झेंडीगेटकडे नाही गेली ती. समोरच्या जज्जसाहेबांच्या बंगल्यापाशी थांबलीये. … जज्जसाहेब बसताहेत. त्यांच्या बाईपण. डबे, फिरकीचा तांब्या, सतरंजी… भंडारदऱ्याला गं. धरण बघायचं चाललं होतं त्यांचं. मला वाटलं जज्जसाहेबांच्याच मोटारीने जाणार. भंडारदरा म्हणजे मिरजगावच्या दुपटीहून लांब.

… दुरुस्त झाली असेल? … विजू, मोटार उभी होती तिथे अंगणात वर्तमानपत्र पसरलंय. त्याच्यावर चाकाची टोपी उचकटायची पट्टी आहे आणि ओंजळभर खडे. … नदीतले, गुळगुळीत. … नाही गं, रस्त्यातले खडे आपणहून चाकाच्या टोपीत जाऊन बसत नाहीत. आणि बाहेर काढले तर कुणी फेकून देईल, कागदावर मांडून ठेवणार नाही. ह्यांनीच घातले होते, पुन्हा लागतील म्हणून ठेवलेत.

… नाही होत माझी चूक. आता सगळं कळतंय. पाथर्डीहून वन्संना बाळंतपणाला आणलं, तेव्हा कुठे वाजली? आपल्या काष्टीच्या मावशीने वरातीला मागितली, तेव्हा पहिल्यांदा वाजली. मग बरी झाली. आई पडल्याचा निरोप आला आणि परत वाजायला लागली. … अगं, एकाच्या दारात मोटार आली की ती सगळ्या नात्याची होते, माणूस कावतो, कबूल आहे मला. मग तोंडाने नाही म्हणायचं होतं. मी भांडले असते, रडले असते, पण त्याच दिवशी दुसरी सोय तरी केली असती ना. … मला मागे कान लावून बसवलं गं. आणि स्वतः पुढे बसून विचारत होते, "कुठून येतोय, नीट ऐक."

… रडत नाहीये मी. संताप होतोय माझा.

… हो, हो एक्स्चेंजच्या बाई, लाइन तोडू नका, संपवतेच आहे… विजू, आता नीट ऐक. गनीभाईंच्या भावाची, चांदभाईची, लॉरी आहे. मिरजगावला कांदा भरायला जाते. मी आत्ता जाते झेंडीगेटला. आज कांदा राहू दे म्हणते. खाली गवत, वर गाद्या, आईला आडवीच आणायची. मी स्वतः बसून येते. इथे आलो की सरळ दवाखान्यात. … नंतर? नंतर या घरात नाही. दवाखान्याजवळ खोली बघू. तू शाळेतून रजा काढ. मी राहीन तिच्यापाशी. … ह्यांना काय सांगायचं ते माझं मी बघेन.

… काय? … हं. ते आहेच. लॉरी बघितली की विचारणार, जावयाची मोटार कुठाय?

…

नको. खरं नको सांगूस. … नको, विजू. आळीभर सांगून बसलीये ती. हाड मोडलंय तेवढं पुरे.

तिला सांग, मोटार वाजतेय अजून. … हो, तेच सांग. जावयांचा जीव सारखा तुझ्याकडे लागलाय म्हण. … मी आले की मीही तेच सांगेन.

ठेवते. लॉरी निघून जाईल.