सोळा पानांचं पुस्तक

…उंट! नाही, तुम्हीच सांगा मला, मेढ्याच्या पलीकडं डोंगरात आमचं गाव, दिवसाला दोन एस्ट्या, त्यातली एक पावसाळ्यात बंद… तिथं उंट येईल कुठनं? आणि आलाच तर उतरेल कुठल्या स्टॉपला? पण चित्रात होता. पान तीन. आमच्या घराच्या दारात उंट, उंटामागं खजुराचं झाड आणि झाडाखाली बकरा, तोही हसणारा. आता ईद शिरखुर्म्याची, तिथं बकरा कशाला? आणि ईदेच्या नावानं कुठला बकरा हसतो हो?

तुम्हाला सांगतो, मास्तरकी करावी, खानेसुमारी करावी, मतदार याद्या कराव्यात, पोलिओचे डोस पाजावेत, वरनं हुकूम आला तर गावातल्या कोंबड्या मोजाव्यात… पण लहान मुलांचं पुस्तक लिहू नये माणसानं. सोळा पानांचं पुस्तक! पानाला चार ओळी! दोन वर्षं गेली माझी, आणि केस गेले ते वेगळे.

तुम्ही म्हणाल, मुलाणी गुरुजी, तुम्हाला सांगितलं होतं कुणी? तर सांगितलं आमच्या समीनानं. माझी लेक. पंच्याण्णव साली तिसरीत होती, माझ्याच वर्गात. शाळेला पेटी आली गोष्टीच्या पुस्तकांची. दिवाळीचं पुस्तक, नागपंचमीचं, बेंदराचं, नाताळाचंसुद्धा. हिनं सगळी वाचली, एकेक करून खाली ठेवली, पेटीत वाकून बघितलं आणि भर वर्गात, वर्गात मला गुरुजी म्हणायचं अशी सक्त ताकीद असताना, म्हणते, "पप्पा, आपल्या घराचं कुठाय?" मी म्हटलं, असेल की, तळाला बघ. तिनं पेटी उलटी केली. खडूचा चुरा निघाला. पोरगी काही रडली नाही, चुरा गोळा केला, पेटीत परत भरला आणि जाग्यावर जाऊन बसली. मला लय वाईट वाटलं हो. रडली असती तर बरं झालं असतं.

झालं! पुढच्या महिन्यात साताऱ्याला शिबिर. ही पुस्तकं काढणाऱ्या आम्रपालीबाई तिथं आलेल्या, चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं शांत. मी उभा राहिलो आणि विचारलं, ईदेचं पुस्तक का नाही? बाई म्हणाल्या, "लिहिणारं कुणी भेटलं नाही. तुम्ही लिहा ना." खाली बसायला पाहिजे होतं की नाही मी? नाही बसलो. "लिहितो," म्हटलं.

आणि लिहिलं पण! एका रविवारात. त्यात काय अवघड आहे? समीना नावाची मुलगी, तिची आई, तिची आजी, दारात म्हैस. आई बाजेवर शेवया वाळत घालते, शेजारच्या राहीबाई शिरखुर्म्याला दूध जास्तीचं देतात, संध्याकाळी सगळी आळी छपरावर चढून चंद्र शोधते, चंद्र दिसतो, सकाळी नवीन झगा, ईदगाह, वाटीवाटी शिरखुर्मा घरोघरी… संपलं! सोळा पानं भरली.

मग चित्रकार आला. वीरधवल नाव, सांगलीचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचा. मोर असा काढायचा की बघत राहावं. मुसलमानाचं घर त्यानं बघितलेलं फक्त सिनेमात. म्हटलं, वीरधवल, हा उंट कशाला रं? तर म्हणतो, "गुरुजी, मुस्लिम वाटाय नको का?" अरे, माझ्या दारात म्हैस आहे! "म्हैस काय गुरुजी, समद्यांच्याच दारात आस्ती. म्हैस काढली तर घर कुणाचं ह्ये कळणार कसं?" आता ह्याला काय सांगायचं? मला तेच कळायला नको होतं, वीरधवल! पुस्तकच त्यासाठी लिहिलंय!

आणि घरात झुंबर! आमच्या घरात चाळीसचा बल्ब, तोही लोड कमी असला की लाल. आमच्या हिला गुलाबी शरारा, डोईवर जरीची ओढणी, शिरखुर्मा ढवळतीय सोन्याच्या डावानं. आमची ही आयुष्यभर पाचवारी नेसलेली, सातारच्या बाजारातली. तिनं चित्र बघितलं, लांब धरलं, जवळ धरलं. मला वाटलं चिडणार. चिडली, पण कशावर? "दोन वर्षं झाली, सैपाकघरात एक फळी ठोका म्हणतीय मी, ती ठोकवत न्हाई तुमच्यानं, आन् पुस्तकात झुंबर टांगलंय व्हय?" सोळा पानांचं पुस्तक, आणि घरात तीन दिवस अबोला.

आम्रपालीबाईंना पत्र लिहिलं, आठ पानी. पुस्तकापेक्षा मजकूर जास्त. बाईंचं उत्तर आलं, "गुरुजी, आमच्या बुद्धपौर्णिमेच्या पुस्तकात त्यानं विहारासमोर पांढरा हत्ती काढला होता. मी साताऱ्यात सदर बझारला वाढले, हत्ती मी सर्कशीत बघितला. तुमचा उंट काढून टाकायला लावते. खजुराकडं तेवढं दुर्लक्ष करा." भली बाई. उंट गेला, उंटाच्या जागी म्हैस आली… पण वीरधवलनं नवीन कागद कशाला घ्यायचा म्हणून उंटावरच म्हैस रंगवली. रंग काळा, शिंगं बरोबर, मान मात्र तीच राहिली. अशी मान वर काढून छपरावरचा कडबा खाणारी म्हैस उभ्या जिल्ह्यात नसेल.

इथवर गावात मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण गावाला कळलं! गावात शिंक आली तरी खालच्या आळीला कळते. संध्याकाळी धोंडीबा आले, वरच्या आळीचे, पागोटं काढून बसले. "गुरुजी, सनाचं पुस्तक लिव्हलंय म्हनं?" म्हटलं, हो. "मग आमचा सन कुटाय त्यात?" तुमचा कुठला, धोंडीबा? "आवं मोहरम की! ईद तुमची आसंल, मोहरम आमचा हाय!" आणि खोटं नाही हो ते. गावात मुसलमानाची घरं चार, पण मोहरमला पीर बसतात ते अख्ख्या गावाचे. पीर म्हणजे चांदीचा पंजा, काठीला बांधलेला, वर रेशमी कापड. एक पंजा उचलायचा मान धोंडीबाच्या भावकीकडं, दुसरा हरिबाच्या. घरोघरी चोंगे म्हणजे गुळाच्या रोट्या होतात, पिराला नवस होतात. माझा सांगलीचा मेहुणा शिकलेला, तो येतो आणि म्हणतो, "भाईजान, मोहरम हा सण नव्हे, शोक आहे." खरं आहे त्याचं, धर्माच्या पुस्तकात तसंच आहे. पण हे धोंडीबाला सांगणार कोण? मी?

म्हटलं, घालतो. ईदेची चार पानं काढली, मोहरम घातला. दुसऱ्या दिवशी हरिबा हजर. "गुरुजी, चित्रात म्होरं कोन? आमचा पंजा का धोंड्याचा?" कारण दरवर्षी मिरवणूक निघताना हेच भांडण! पुढं कोण, मागं कोण. अर्धा तास चावडीपुढं आरडाओरडा, मग पाटील मध्ये पडतात, मग निघतात. आता हे भांडण छापायचं म्हटल्यावर काय विचारता! सकाळी धोंडीबा काकडी घेऊन, संध्याकाळी हरिबा वाल घेऊन. आठवडाभर भाजी विकत आणली नाही आम्ही. सोळा पानांचं पुस्तक! पानाला चार ओळी! आणि दोन भावक्या माझ्या ओट्यावर!

शेवटी मी वीरधवलला सांगितलं, बाबा रे, दोन्ही पंजे शेजारी शेजारी काढ, लांब, बारीक, कुणाचा कुठला ते कळता कामा नये. आणि पुढं? तो म्हणाला, पुढं मोकळं दिसतंय. म्हटलं, पुढं माझ्या लेकीला काढ, उदाचं धुपाटणं दे तिच्या हातात. मिटवलं!

सत्त्याण्णवच्या एप्रिलात पुस्तक आलं. समीना आता पाचवीत जायची. तिनं हात धुतले, ओढणीला पुसले, पुस्तक उघडलं. बारा नंबरच्या पानावर बोट ठेवलं. "ही मी?" म्हटलं, तू. मग तिनं ते पुस्तक आजीला वाचून दाखवलं, राहीबाईंना दाखवलं, गोठ्यात जाऊन म्हशीला दाखवलं. म्हशीनं काही ओळखलं नसेल. पण माझी दोन वर्षं तिथं फिटली, खरं सांगतो.

तिथंच संपायला पाहिजे होतं की नाही? पण मे महिन्यात मोहरम आला. शेवटचा दिवस, पीर ओढ्याला न्यायचे, मुंबईची माणसं आलेली, चावडीपुढं ही गर्दी. धोंडीबा म्हणतात आमी म्होरं, हरिबा म्हणतात आमी म्होरं. पाटील मध्ये पडणार, एवढ्यात हरिबांनी बंडीतनं काय काढलं? पुस्तक! "गुरुजींनी लिव्हलंय त्ये बघा!" धोंडीबांनी पण काढलं! दोघांकडं एकेक! पान बारा उघडलं. सगळं गाव वाकलं. बघतात तर पंजे शेजारी शेजारी… आणि पुढं पोरगी.

हरिबांनी दोन्ही पुस्तकं शेजारी धरून ताडून बघितली. मग धोंडीबा म्हणाले, "छापल्यालं हाय म्हंजी इचार करूनच छापलं आसंल." झालं! मी म्हणतोय, अहो ते चित्र आहे, ट्रॉल्या रंगवणाऱ्यानं काढलंय! कोण ऐकतंय? दोन पंजे शेजारी शेजारी निघाले. आमची गल्ली बैलगाडीला कशीबशी पुरते. तांबोळ्याच्या घराजवळ दोन्ही पीर अडकले, मागं रेटारेटी, "वाईच तिरकं व्हा, धोंडीबा!" "तूच व्हय की तिरका!" पण पुढं-मागं कुणी झालं नाही, आणि भांडलंही कुणी नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आणि सगळ्यांच्या पुढं समीना. दोन्ही हातांत माझ्याकडनं काढून दिलेलं धुपाटणं, धूर डोळ्यांत जातोय, पण मान ताठ. बायका ओवाळायला लागल्या तिला. आता ऐका, त्या उदाचा मान आमच्या घराचा. आजोबांनी धरला, वडिलांनी धरला, वीस वर्षं मी धरला. म्हटलं, धुपाटणं तिच्याकडं असू दे, बाप म्हणून शेजारनं चालतो. दोन पावलं टाकली, तर हरिबांनी दंड धरला. "आवं गुरुजी, तुमी कुटं? पुस्तकात तुमी न्हाई."

पुस्तक घेतलं. पहिल्या पानापासनं बघितलं. आई आहे, आजी आहे, राहीबाई आहेत, म्हैस आहे. बाप नाही! कुठंच नाही! लिहिणाऱ्याला स्वतःचं नाव घालायचं सुचतं का हो? मी नाही घातलं, वीरधवलनं नाही काढलं.

"मग मी काय करू, हरिबा?" म्हटलं. तर म्हणतात, "पिराम्होरं समदी अनवानी चालल्यात, चपला हितंच पडल्यात, कुत्री न्हेत्यात. तुमी आसं करा, चपला राखा."

बसलो. काय करता? गाव ओढ्याला गेलं, ताशे लांब गेले, मी चावडीपुढं उन्हात. अडीचशे जोड असतील. त्यात माझा एकही नाही. मी मानकरी ना… घरातनंच अनवाणी निघालो होतो.