बिगर रंगाचा सीटी

— न्हाई न्हाई, ते रंगाचं इंजेक्शन मी घेतलंच न्हाई. तुमच्या मंडळींना दिलं असंल, शिरेतनं. त्यानं आतलं सगळं लख्ख दिसतं म्हणे. माझा सीटी स्कॅन बिगर रंगाचा, साधा झाला. का म्हंजे — ॲलर्जी हाय मला. फॉर्म भरताना तितल्या बाईंनी विचारलं, मागं कधी इंजेक्शननं अंगावर काय उठलं हुतं का? म्हटलं, उठलं हुतं, अंगभर. त्यांनी लिहून घेतलं. संपलं.

तुमी कुठले? जेऊरचे — बरं बरं. आमी हितलेच. जुळे सोलापूरला शेंगा चटणीचं दुकान हाय, गुरुसिद्धप्पा म्हटलं की कोण बी दाखवतंय. आता माझ्या उजव्या किडनीवर सिस्ट हाय, म्हंजे पाण्याचा फोड. दुखत न्हाई, खुपत न्हाई. मला काय झालेलंच न्हाई ओ, किडन्या गेल्यात त्या माझ्या धाकट्या भावाच्या, शिवूच्या. आठवड्यातनं दोनदा डायलिसिस. मी देणारा हाय.

कसं ठरलं, सांगू? घरी आमच्या गुरूंची, जंगम स्वामींची पाद्यपूजा हुती. सगळं गणगोत जमलेलं. शिवू भिंतीला टेकून बसलेला, तोंड सुजलेलं, आन् आमची आई बसव्वा त्याच्याकडं बगून पदर डोळ्याला लावती. मला काय झालं कुणास ठाऊक — कपाळाला इभूत लावली, उभा राहिलो आन् म्हटलं, माझी एक घे रे शिवू. स्वामींच्या म्होरं! स्वामींनी आपल्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. फोटो निघाला. घरच्या ग्रुपवर समद्यांनी हात जोडले, अक्कलकोटच्या मावशीनं तर दोनदा जोडले. आमच्यात जंगमाम्होरं बोललेलं मागं घेत न्हाईत. मला वाटलं, तपासणीत काय तरी अडंल की. काय अडलं न्हाई. रक्त जुळलं, बाकीचं बी जुळलं. अशी जुळणी माझ्या लग्नात बी झाली नव्हती.

आन् मग सोनोग्राफीत हे सिस्ट सापडलं. जरा गढूळ दिसतंय, सीटी करून घ्या, डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आमची सुंदरम्मा वाढता वाढता थांबली, माझ्याकडं बगितली. बायकोला कळतंय ओ सगळं.

आता तुमी परके म्हणून सांगतो. ॲलर्जी-बिलर्जी काय न्हाई मला. दुकानात एक गिऱ्हाईक येतंय, असल्याच सेंटरात मशीन चालवतंय, त्यानं मला आकड्यांचं सांगितलं हुतं. आतलं किती घट्ट त्याचा मशीन आकडा देतं, पाण्याला शून्य धरतं. फोडाचा आकडा विसाच्या खाली आला, आतलं सगळं एकसारखं असलं, तर नुसतं पाणी, भ्यायचं कारण न्हाई. सत्तरच्या वर आन् एकसारखा, तरी बी चांगलंच, जुनं घट्ट झालेलं असतं. पण मधला आला, वीस ते सत्तर — तर साध्या सीटीवर काय सांगता येत न्हाई, रंग घालूनच बगाय लागतंय. आन् मला तर रंग चालत न्हाई! कळलं का? संशयाची किडनी कोण घेईल? माझी बी लाज राहिली, स्वामींचा हार बी राहिला. मला चाळीस पायजे, पावणं. चार दिवस झालं, सिद्धेश्वराम्होरं हात जोडून चाळीसच मागतोय.

असं बगू नका. शिवूला पाठंगुळीला घेऊन शाळेत नेलाय मी. त्यो मेलेला मला बगवणार न्हाई — आन् जिता असताना आपलं पोट फाडून घ्यायला मला भ्या वाटतं. लई भ्या वाटतं. दोन्ही खरं हाय, त्याला मी काय करू?

थांबा, माझं नाव पुकारलं, रिपोर्ट आला वाटतं.

— हे बगा पाकीट. चष्मा दुकानात राहिला. तुमी वाचता का जरा? तुमच्या मंडळींचे कागद मगाशी झरझर वाचत हुता. खाली, शेवटी बगा. उजवी किडनी... व्हय, आकडा किती? आठ? अठ्ठावन्न असंल, नीट बगा. आठच? आन् म्होरं काय लिहिलंय — साधं सिस्ट. पुढं काय करायची गरज न्हाई.

म्हंजे पाणी. नुसतं पाणी.

न्हाई ओ, आता ॲलर्जीचा उपेग न्हाई. द्यायच्या किडनीच्या रक्ताच्या नसा तेवढ्या बगायच्या राहिल्यात, त्या एमआरआयवर बिगर रंगाच्या बी बगता येतात, डॉक्टर आदीच म्हणाले हुते. ह्या सिस्टचं एवढं एकच अडलं हुतं.

आणा ते पाकीट हिकडं. लवकर आणा — जिन्यात बगा, त्यो गळपटलेला, बायकोचा हात धरून चढतोय... त्योच. शिवू. आन् ती चंद्रिका. घरात बसवत नसंल त्याला. मांडीखाली घेतो. तुमी काय वाचलं न्हाई, मी काय बोललो न्हाई.

ये रे शिवू, ये. कशाला जिना चढलास, फोन केला असतास की. चंद्रिका, बसव त्याला हितं. रिपोर्ट व्हय? न्हाई आला अजून. मशीन बंद पडलंय म्हणे, उद्या-परवा देतील. खरंच न्हाई रे. हे पावणं जेऊरचे, सकाळधरनं माझ्या शेजारी बसल्यात, त्यास्नी विचार.

सांगा की ओ त्याला.