रविवारची मागणी

इझमीरच्या कोर्टात जामिनावरच्या लोकांच्या बाकावर तुंजाय आपल्या नंबराची वाट बघत बसला होता. शेजारी एक आई होती आणि घोट्यावरचं यंत्र तपासून घ्यायला आलेला तिचा मुलगा बुलेंत.

"लग्न मोडलं," आई म्हणाली. "चॉकलेटचा डबा गोल घेऊ की चौकोनी?"

"मोडलं ना, आई?"

"तिचे वडील म्हणाले तसं. मी कुठे ऐकलंय? रविवारी मागणी घालायला जायचं."

"मी परवानगीशिवाय उंबरा ओलांडला की हे बोंब मारतं. मग जामीन रद्द आणि मी थेट आत."

"म्हणून तर त्यांना म्हटलं, तुम्हीच या आमच्याकडे."

"मुलीला घेऊन? तिलाच मागणी घालून घ्यायला? आणि मागणीची कॉफी कोण करणार?"

"तीच करेल, आपल्या गॅसवर."

"मग वडील काय म्हणाले?"

"ज्याला माझ्या दारापर्यंत येता येत नाही, त्याला मी मुलगी देणार नाही."

"बरोबर आहे त्यांचं."

"तू जावई कुणाचा, ते आधी ठरू दे. मग त्यांची बाजू घे."

"आणि ती?"

"रीतीप्रमाणे नवऱ्यामुलाच्या कॉफीत घालायचं मीठ काढून ठेवलंय म्हणाली. पण रविवारपर्यंतच थांबेन म्हणाली."

बुलेंतनं पँटची कड यंत्रावर ओढून घेतली.

"चौकोनी घे."

तुंजायचा नंबर पुकारला गेला. त्याला पुढचं ऐकायचं होतं, म्हणून त्यानं तो त्यांना देऊन टाकला.

आई कारकुनाच्या खिडकीशी गेली. "लिहून घ्या, साहेब. येत्या रविवारी संध्याकाळी दोन तास मुलीच्या वडिलांचं राहतं घर ही आमच्याच घराची एक खोली आहे, असं माननीय न्यायालयानं मानावं, ही नम्र विनंती."