टोपी कुठल्या डोळ्यावर?

तुम्हाला सांगतो, म्हाताऱ्यांच्या संशयाला औषध नाही. संयुक्त महाराष्ट्राची धामधूम होती आणि परळच्या आमच्या चाळीत जो तो साध्या कपड्यांतला पोलीस शोधत होता. मी शाळा सोडून बसलेला, त्यात शनिवारी दुपारच्या खेळाला लागणाऱ्या गुंडांच्या सिनेमांचं वेड. पडद्यावरचा तो गुंड गोळी खाऊन मरतो, पण कुणाला 'हो साहेब' म्हणत नाही. आमच्या वडीलधाऱ्यांना दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. म्हणून मी त्याच्यासारखी फेल्ट हॅट घालून फिरायचो.

झालं! चाळ कमिटीचे अध्यक्ष नाना परब यांनी रविवारी सकाळी मला अख्ख्या चाळीसमोर उभं केलं.

"ही साहेबी टोपी बघा! हा पोलिसांचा खबऱ्या आहे. उद्या मोर्च्यात याला घ्यायचं नाही आणि याच्या घरच्यांशी कुणी बोलायचं नाही."

आई रडायला लागली. मी म्हटलं, "नाना, सिनेमातला गुंड अशीच टोपी घालतो."

"मला शिकवतोस? तो उजव्या डोळ्यावर ओढतो, तू डाव्या! आणि चालताना तो एक खांदा असा पाडतो..." नाना चक्क चालून दाखवायला लागले.

"अहो," दारातून नानी म्हणाल्या, "तुम्ही तर दर शनिवारी दुपारी मोर्च्याच्या बैठकीला जाता ना?"

कुणी हसलं नाही. मघाशी माझ्याकडे बघत होते तसेच सगळे आता नानांकडे बघायला लागले.

मी टोपी उजव्या डोळ्यावर ओढली आणि विचारलं, "आता बरोबर, नाना?"